धागा: खाणगावातलं बोलिंग ग्रीन – गावच्या लॉन बोल्स क्लबचा इतिहास कुठे शोधायचा

लोथियनकर

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्ण मिळवलं, तेव्हा आपल्याकडे बहुतेकांनी लॉन बोल्स (सपाट हिरवळीवर, म्हणजे ‘ग्रीन’वर, वळत जाणारे चेंडू घरंगळवून छोट्या चेंडूजवळ नेण्याचा खेळ) पहिल्यांदा पाहिलं. सामना झाला लेमिंग्टन स्पा गावच्या व्हिक्टोरिया पार्कात. खेळावर तेव्हा बरंच लिहून आलं. हा धागा खेळाचा नाही, गावच्या क्लबचा आहे. तोही स्कॉटलंडमधल्या खाणगावांचा, कारण तिथले कागद चांगले टिकले आहेत आणि पैसा कुठून आला हे शेवटपर्यंत मागे जाऊन पाहता येतं.

उदाहरण म्हणून न्यूटनग्रेंज घेऊ. एडिंबराच्या दक्षिणेला, मिडलोथियनमध्ये. १८९० मध्ये तिथे लेडी व्हिक्टोरिया खाणीचं काम सुरू झालं. कामगारांसाठी लोथियन कोल कंपनीनं विटांच्या घरांच्या ओळी बांधल्या आणि रस्त्यांना नावं न देता नुसते आकडे दिले: फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट. १८९९ मध्ये कंपनीच्याच पुढाकारानं डीन टॅव्हर्न हा दारूचा गुत्ता उघडला. तो चालायचा ‘गॉथेनबर्ग’ पद्धतीनं, म्हणजे भागधारकांना जास्तीत जास्त ५ टक्के लाभांश आणि उरलेला नफा गावाच्या कामाला. स्वीडनमधल्या गोटेबोर्ग शहरातून ही पद्धत आली. स्कॉटलंडच्या कोळसापट्ट्यात तिचा पहिला मोठा नमुना फाइफमधलं हिल ऑफ बीथ, १८९६. अशा गुत्त्यांना लोक आजही ‘गॉथ’ म्हणतात. न्यूटनग्रेंजचं बोलिंग ग्रीन, वाचनालयासह इन्स्टिट्यूट, फुटबॉलचं मैदान, सगळ्यांत डीन टॅव्हर्नच्या नफ्याचा पैसा आहे.

म्हणून क्लबचा इतिहास लिहायला बसताना आधी ढाली आणि अध्यक्षांची यादी उघडू नका. तीन प्रश्न धरा: जमीन कुणाची होती, पैसा कुठून आला, आणि गवताखाली काय घातलं होतं. चषकांचं वर्णन स्मरणिकेत छान दिसतं, पण त्यातून क्लब का टिकला किंवा का बुडाला हे कळत नाही.

चहाबाज

छान धागा. दोन शंका. खाणमालक इतके उदार कधीपासून झाले? आणि दारू विकून खेळाचं मैदान, हा उलटा न्याय नाही का?

लोथियनकर

उदार कसले! न्यूटनग्रेंजचा मॅनेजर मंगो मॅके गावावर जवळजवळ हुकूमशहासारखा राज्य करायचा, बागेत तण वाढलं तरी कामगाराला जाब द्यावा लागे. हिशेब सरळ होता. लोक दारू पिणारच, तर आपल्या देखरेखीखाली पिऊ देत. शिवाय ज्या गावात ग्रीन आणि वाचनालय आहे तिथला कुशल कामगार शेजारच्या खाणीत जात नाही. गॉथमध्ये उधारी नसायची, पत्ते-जुगार नसायचा, आणि आतली सजावट मुद्दाम रुक्ष ठेवायचे म्हणजे माणूस फार वेळ रेंगाळणार नाही. उलटा न्याय म्हणाल तर त्या काळच्या दारूबंदीवाल्यांनीही हाच आक्षेप घेतला होता: माणूस जितका जास्त पिणार तितकं ग्रीन चांगलं.

खडूफळा

त्याआधीचा कायद्याचा भाग जोडतो, कारण स्कॉटलंडमध्ये हा खेळ गावोगाव का पसरला याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

इंग्लंडमध्ये १५४१ चा आठव्या हेन्रीचा कायदा होता. धनुर्विद्या मागे पडते म्हणून मजूर, शेतगडी, शिकाऊ कारागीर, नोकर यांना बोल्स खेळायला बंदी. फक्त नाताळात, तेही धन्याच्या घरी किंवा त्याच्यासमोर. स्वतःची बाग सोडून उघड्यावर खेळला तर ६ शिलिंग ८ पेन्स दंड. ज्याची जमीन वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची, त्याला मात्र आपल्या आवारात खेळायचा परवाना मिळे. हा कायदा रद्द झाला १८४५ मध्ये. अंमलबजावणी अर्थातच ढिली होती, नाहीतर इंग्लंडात इतकी जुनी ग्रीन्स उरलीच नसती.

स्कॉटलंडमध्ये १४५७ ची जी प्रसिद्ध बंदी आहे ती फुटबॉल आणि गोल्फवर. बोल्स तिच्यात नाही. १४९७ मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स सेंट अँड्र्यूजला ‘लाँग बोल्स’ खेळल्याची नोंद आहे, मात्र तो आजच्यासारखा हिरवळीवरचा खेळ होता असं समजू नये. पुढे हॅडिंग्टनचा क्लब आपलं मूळ १७०९ सांगतो, किल्मार्नॉकचा १७४०. १८४८ मध्ये ग्लासगोत सुमारे २०० क्लबांचे प्रतिनिधी जमले, एक नियमावली हवी म्हणून. एकमत झालं नाही. शेवटी विल्यम मिचेल या ग्लासगोच्या वकिलाकडे मसुदा सोपवला आणि १८४९ मध्ये त्यानं तो दिला. आजचे नियम त्याच वंशातले. स्कॉटिश बोलिंग असोसिएशन १८९२. इंग्लंडची संघटना त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०३ मध्ये, आणि पहिला अध्यक्ष कोण तर क्रिकेटचा डब्ल्यू. जी. ग्रेस.

दूर्वा_२

आणि तो इंग्रज कप्तान ड्रेक? स्पेनचं आरमार चाल करून आलं तरी आधी बोल्सचा डाव संपवतो म्हणाला तो?

मोजपट्टी

ती गोष्ट १५८८ ची. प्लिमथला कप्तान बोल्स खेळत होते असा छापील उल्लेख येतो १६२४ मध्ये, आणि ड्रेकच्या तोंडचं ते वाक्य १७३६ मध्ये. भरती आणि वारा दोन्ही विरुद्ध असताना जहाजं तशीही बंदराबाहेर काढता येत नव्हती, त्यामुळे घाई करून उपयोगही नव्हता. क्लबाच्या स्मरणिकेत घालायची असेल तर दंतकथा म्हणून घाला.

तसंच ‘जगातलं सर्वांत जुनं’ हा किताब. साउदम्प्टनचं ग्रीन १२९९ सांगतं, चेस्टरफील्ड १२९४. जागा जुनी असणं, तिथे खेळ सतत चालू असणं आणि क्लब नावाची संस्था असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाच्या इतिहासातही हाच घोळ होतो: फलकावर ‘स्थापना’ म्हणून जे साल असतं ते कधी ग्रीन उघडल्याचं, कधी घटना मंजूर झाल्याचं, कधी जमिनीच्या कराराचं असतं. तिन्ही वेगवेगळी लिहा.

लोथियनकर

मोजपट्टी यांच्याशी सहमत. कागद कुठले आणि कोणत्या क्रमानं पाहायचे ते सांगतो.

आधी नकाशे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याचे २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पहिली मोजणी १८५० च्या दशकापासून, सुधारित आवृत्ती १८९० च्या दशकात, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. एका आवृत्तीत शेत आणि पुढच्या आवृत्तीत चौकोन व त्यावर ‘बोलिंग ग्रीन’ असेल तर दोन तारखांमधली खिडकी मिळाली. नकाशावरची छपाईची तारीख धरू नका, मोजणीची धरा; त्यात दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो.

मग व्हॅल्युएशन रोल. १८५५ पासून दरवर्षी प्रत्येक मालमत्तेचा मालक, भाडेकरू, वहिवाटदार आणि वार्षिक भाडंमूल्य लिहिलेलं असतं. स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. इथे चूक अशी होते की लोक क्लबाचं नाव शोधतात आणि सापडत नाही म्हणून सोडून देतात. नोंद पुष्कळदा विश्वस्तांच्या किंवा खजिनदाराच्या व्यक्तिगत नावावर असते, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती. रस्ता आणि वर्णन यावरून शोधा.

तिसरं, सासिनचं रजिस्टर. जमिनीच्या व्यवहारांची ही नोंदवही १६१७ पासून सलग आहे. बरीच ग्रीन्स ‘फ्यू’ पद्धतीनं मिळालेली: जमीनदार जमीन कायमची देणार, वर्षाला ठरावीक फ्यू-ड्यूटी घेणार आणि अटी घालणार. ‘बोलिंग ग्रीनखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरू नये’, ‘मद्य विकू नये’ अशा. फ्यू पद्धत २८ नोव्हेंबर २००४ ला संपली आणि जमीनदारानं मुदतीत नव्यानं न नोंदवलेल्या बऱ्याच अटी त्याबरोबर गेल्या. म्हणून एका गावात ग्रीन विकून घरं उभी राहिली आणि शेजारच्या गावात राहिली नाहीत, तर सदस्यांच्या निष्ठेबद्दल बोलण्याआधी मूळ करार वाचा.

मिनिटबुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, सगळ्यात शेवटी. त्यात भांडणं असतात, आकडे कमी.

चहाबाज

सगळी खाणगावं गॉथवर चालली नसतील ना? बाकीच्यांनी पैसे कुठून आणले?

खडूफळा

१९२० पर्यंत वर्गणी, जमीनदाराची मेहेरबानी, आणि फंडासाठी भरवलेले बाजार. १९२० च्या मायनिंग इंडस्ट्री ॲक्टनं चित्र बदललं. काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे मालकानं १ पेनी खाणकामगार कल्याण निधीत भरायची. तेव्हा पौंडाला २४० पेन्स, म्हणजे दर २४० टनांना १ पौंड. अडीच लाख टन काढणारी खाण वर्षाला हजारावर पौंड भरत होती. त्यातून इन्स्टिट्यूट, खेळाची मैदानं, बँडस्टँड आणि बोलिंग ग्रीन्स झाली. १९२६ पासून जमीनमालकांना कोळशामागे मिळणाऱ्या रॉयल्टीवर वेगळा कर बसवून खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरं बांधायला सुरुवात झाली. त्याआधी माणूस काळाकुट्ट घरी यायचा, टबात धुवायचा आणि मग ग्रीनवर. संध्याकाळच्या सामन्याची वेळ पाळीवर ठरायची.

म्हणून खाणगावच्या क्लबाला ‘वेल्फेअर’ हे नाव असेल तर तो बहुधा १९२० नंतरचा किंवा तेव्हा निधीखाली गेलेला. जमीन मग स्थानिक वेल्फेअरच्या विश्वस्तांकडे असते, क्लबाकडे नसते. खाण बंद झाल्यावर (लेडी व्हिक्टोरिया १९८१ मध्ये) क्लब सदस्यांअभावी खंगतो, पण जागा विकायचा अधिकार त्याच्याकडे नसल्यानं ग्रीन वाचतं.

गवत्या

आता गवताखाली काय, ते.

जुनं ग्रीन साधारण ३८ मीटरचा चौरस. नियमात लांबी ३१ ते ४० मीटर. खणायचं सुमारे फूटभर. तळाला ४-५ मीटर अंतरानं मातीच्या भाजलेल्या नळ्या, उतार कोपऱ्यातल्या चेंबरकडे, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या झाकणाच्या खड्ड्याकडे. त्यावर १०० ते १५० मिमी दगडखडी किंवा बॉयलरची खरबरीत राख. त्यावर ५० मिमी बारीक राख, मग १०० ते १५० मिमी वालुकामय माती आणि ३०-४० मिमी जाडीचे, मुळं-मातीसकट कापलेले गवताचे तुकडे. खाणगावात राखेला तोटा नव्हता. राखेचा थर फार हुशार प्रकार आहे: बारीक मातीखाली एकदम भरड थर आला की पाणी वरच्या मातीत धरून राहतं आणि माती भिजून तृप्त झाली की मगच खाली सुटतं. कोरड्या आठवड्यात गवत तगतं, मुसळधार पावसात डबकं होत नाही.

बिघडतं कुठे? एक, बारीक राख वर्षानुवर्षं मातीत मिसळते आणि दोन थरांमधली स्पष्ट सीमा जाते. दोन, नळ्या सरकतात. खाली खाण असेल तर जमीन खचून ग्रीनचा एखादा कोपराच बसतो. नळ्यांचा उतार उलटा होतो आणि पाणी चेंबरकडे न जाता मधे साठतं. तीन, आणि हे सगळ्यात जास्त, समुद्राचं गवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून श्रीमंत क्लबांची हौस म्हणजे सॉल्वे खाडीच्या दलदलीतून, कंबरलँडकडून, भरतीच्या पाण्यानं धुतलेलं गवत रेल्वेनं आणायचं. दिसायला मखमल. पण ते वाढलेलं असतं अतिशय बारीक खाऱ्या गाळात. गावात खारं पाणी नाही, त्यामुळे खाऱ्या जमिनीतल्या जाती मरतात, त्या जागी वर्षायू पोआ गवत शिरतं, आणि गाळाचा २५-४० मिमीचा थर मात्र वर झाकणासारखा बसून पाणी अडवतो. आज स्कॉटलंडमधल्या एखाद्या ग्रीनवर २० मिमीच्या नळीनं नमुना काढलात आणि वरच्या दोन इंचांत राखाडी चिकट पट्टा दिसला, तर समजा कधीतरी पैसा आला होता.

दूर्वा_२

वा! पोआ असलं तर नेमकं काय बिघडतं? हिरवंच असतं ना?

गवत्या

हिरवं असतं, म्हणूनच लोक फसतात. मे महिन्यात त्याला पांढरट तुरे येतात आणि चेंडू उडत-अडखळत जातो. मुळं उथळ, त्यामुळे उन्हाळ्यात पहिलं तेच पिवळं पडतं. शरद ऋतूत बुरशीचे गोल चट्टे पडतात तेही आधी त्याच्यावर. हवं असतं ते फेस्क्यू आणि ब्राउनटॉप बेंट: नवीन पेरणीत वजनानं ८० ला २०, चौरस मीटरला ३५ ग्रॅम. मोसमात कापणी ५ मिमीवर, हिवाळ्यात ८ मिमी. पोआवाल्या ग्रीनला लोक भीतीनं जास्त नत्र आणि रोज पाणी देतात आणि त्यानं पोआच पोसतं. पाणी कमी वेळा पण खोल द्या, ऑगस्टनंतर नत्र जवळपास बंद करा, सकाळचं दव लांब लवचिक काठीनं झाडून टाका. औषधाच्या आधी हे.

मोजपट्टी

वरून घालायच्या वाळू-मातीबद्दल एक हिशेब देतो, कारण ग्रीनचा इतिहास त्यात मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. दर शरदात ५ टन घातले, घनता दीड धरली, तर ३.३ घनमीटर. ३८ गुणिले ३८ म्हणजे १४४४ चौरस मीटरवर पसरले की सव्वादोन मिमी. चाळीस वर्षांत ९ सेंटिमीटर. काही भाग दबतो आणि पोकळ दातांच्या यंत्रानं काही माती बाहेरही निघते, पण ग्रीन चढत जातं हे नक्की. कडेचा चर २०० ते ३८० मिमी रुंद आणि ग्रीनच्या पातळीखाली ५० ते २०० मिमी खोल हवा. बांध ग्रीनपेक्षा किमान २३० मिमी उंच. ग्रीन चढलं की चर खोल होतो आणि बांध बुटका. मग कुणीतरी चरात वाळू भरतं, बांधावर फळी ठोकतं, आणि पन्नास वर्षांनी तीन पिढ्यांच्या फळ्या एकावर एक दिसतात.

चेंडूंबद्दल: जुने लिग्नम व्हायटी या कॅरिबियन लाकडाचे. इतकं जड की पाण्यात बुडतं. कोरड्या हवेत ते तडकायचं. व्यास आज ११२ ते १३४ मिमी, वजन जास्तीत जास्त १.५९ किलो. एका बाजूला शिसं भरलेलं असतं हा गैरसमज सोडा. वळण येतं ते एक बाजू वेगळ्या आकारात कातल्यामुळे. ग्लासगोच्या थॉमस टेलर यांनी १८७१ मध्ये चेंडूचं वळण मोजायचं टेबल आणलं, तोवर ‘नंबर ३ बायस’ (बायस म्हणजे वळण) म्हणजे प्रत्येकाचं वेगळं होतं. ऑस्ट्रेलियात हेन्सेल यांनी आधी रबराचा आणि १९३० च्या दशकात प्लास्टिकचा चेंडू आणला, मग लाकूड मागे पडलं. क्लबाच्या कपाटात लाकडी जोड सापडला तर शिक्का आणि चेंडूच्या दोन बाजूंच्या चकत्यांवरची आद्याक्षरं पाहा. मालक कळतो, आणि व्हॅल्युएशन रोलमध्ये त्याचा धंदा.

चहाबाज

टीव्हीवर समालोचक ‘ग्रीन १४ सेकंदांचं’ म्हणत होता. जास्त सेकंद म्हणजे संथ ना?

मोजपट्टी

उलट. हातातून सुटल्यापासून साधारण २७ मीटरवर थांबेपर्यंतचा वेळ मोजतात. गवत दाट-ओलं असलं की जोरानं टाकावं लागतं, चेंडू अंतर झपकन कापतो आणि थांबतो: १० सेकंद, म्हणजे जड ग्रीन. न्यूझीलंडच्या गुळगुळीत ग्रीनवर हलकेच सोडला की १६ च्या वर जातो, आणि वळणही खूप जास्त. म्हणून स्कॉटलंडच्या गावातला पट्टीचा खेळाडू तिथे गेला की पहिले दोन दिवस नुसता बाहेर फेकतो.

दूर्वा_२

या सगळ्यात बायका कुठे आहेत? फोटोत चहाच्या किटलीमागेच दिसतात.

खडूफळा

रास्त प्रश्न. स्कॉटिश महिला बोलिंग असोसिएशन १९३६ ची, पुरुषांनंतर ४४ वर्षांनी. दोन्ही संघटना एक होऊन बोल्स स्कॉटलंड झालं २०१० मध्ये. मधल्या काळात गावच्या क्लबांत महिला बऱ्याचदा ‘सहयोगी’: वर्गणी कमी, मतदान नाही, ठरलेल्याच वेळा. त्यांचं स्वतंत्र मिनिटबुक असतं आणि ते क्लबाच्या कपाटात नसतं, कुठल्यातरी सचिवबाईंच्या घरी असतं. इतिहास लिहिणाऱ्यानं ते मागून घ्यावं, कारण स्वयंपाकघर, बाजार, लॉटरी यांचा हिशेब त्यात आहे आणि क्लबाची गंगाजळी प्रत्यक्षात कशी भरली ते तिथेच कळतं. पुरुषांच्या वहीत नुसतं ‘महिलांचे आभार’ अशी एक ओळ.

लोथियनकर

आणि अलीकडचं. क्लब बराच काळ बारवर तगले. २००६ ची धूम्रपानबंदी आणि डिसेंबर २०१४ पासून गाडी चालवण्यासाठी १०० मिलिलिटर रक्तातल्या मद्याची मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅम, या दोन्हींनी बाहेरगावाहून सामन्याला येणाऱ्यांचा गल्ला घटवला, असं माझं मत. कायदे चुकीचे होते असं म्हणत नाही. दुसरीकडे कौन्सिलांनी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ग्रीनची देखभाल सोडायला सुरुवात केली. २०१५ च्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट कायद्यानं गावाच्या संस्थेला कौन्सिलची मालमत्ता मागता येते, आणि बरेच क्लब त्या वाटेनं ग्रीन ताब्यात घेताहेत.

गवत्या

घेताहेत, पण खाली काय आहे ते न पाहता. सही करण्याआधी इतकं करा: २ मीटरच्या जाळीनं पातळी मोजा, ३८ मीटरच्या ग्रीनवर ४०० बिंदू होतात, लेझर असेल तर दोघांचं एका दिवसाचं काम. चारही कोपरे आणि मधे मिळून निदान नऊ ठिकाणी नमुने काढा आणि थरांची जाडी लिहून ठेवा. पावसानंतर चेंबरचं झाकण उघडून नळीतून पाणी येतंय का पाहा. ग्रीनवर डबकं आणि चेंबर कोरडं असेल तर नळ्या गेल्या. कामाचा खर्च कौन्सिलच्या अंगावर टाकण्याची संधी फक्त हस्तांतरणाच्या आधी असते.

चहाबाज

नमुने काढायची नळी कुठे मिळते? आणि भोकं परत कशानं बुजवायची?

गवत्या

गोल्फ ग्रीनच्या सामानाच्या दुकानात. भोकात त्याच ग्रीनची वाळू-माती कोरडी ओतून काठीनं ठासा, शेवटचा इंच गवताच्या मूळ बुंध्यानंच बंद करा. बाहेरची माती घालू नका, नाहीतर मोसमभर तिथे चेंडू उडेल.